आत्याचा रकाना



बऱ्याच दिवसांनी लिहितो आहे. "ब्लॉग बंद केलात की काय?" असे दोघातिघांनी विचारले. बंद नाही केला. आपल्या घराण्याच्या कुलवृत्तांताचे संकेतस्थळ बनवत बसलो होतो. त्यात जे घडले त्यावरच आज लिहायचे आहे.

संकेतस्थळ वर्डप्रेसवर आहे. त्यावर भाच्याने एक प्लगइन बसवून दिले. पान समोर दिसते तसेच बनवायचे, चित्र माउसने ओढून हवे तिथे ठेवायचे, मजकूर जागेवरच टाइप करायचा. कोड वगैरे काही नाही. "मामा, तुला अगदी सोपं जाईल," म्हणाला. गेलेही, पहिले पंधरा दिवस.

आमची आत्या ९२ वर्षांची. रोज संध्याकाळी तिला फोन करायचा आणि ती सांगेल ते थेट पानावर टाइप करायचे. लहानपणी दाभोळहून खाडीने गोवळकोटच्या धक्क्याला कसे येत, कोणाच्या लग्नात कोण रुसले, कोणती जमीन कशी गेली (हा भाग छापायचा नाही, असे तिनेच बजावले आहे). वहीत काही उतरवून ठेवले नाही. ही चूक माझी, मान्य.

आता या प्लगइनची रचना पाहा. पानात विभाग, विभागात रकाने, रकान्यात मजकूर आणि फोटो. तिघांच्या कडा एकमेकींना चिकटलेल्या. माउस केसभर हलला की फोटोऐवजी रकाना निवडला जातो, आणि हे कळायला खूण काय, तर कोपऱ्यात मुगाएवढे चिन्ह! मला एक जास्तीचा फोटो काढायचा होता. डिलीट केले, फोटो गेला. त्याच्याबरोबर सबंध रकाना गेला आणि त्यातले आत्याचे सगळे बोलणेही. फोटो गेलेला पाहून मी समाधानाने 'अपडेट' दाबले आणि जेवायला उठलो.

दुसऱ्या दिवशी कळले. पुढचे आठ दिवस कसे गेले ते सांगत नाही. आत्या फोनवर विचारायची, "काय रे, कुठवर आलं?" मी म्हणायचो, "चालू आहे." या वयात आत्याशी खोटे बोललो.

शेवटी भाच्याला सांगितले. त्याने दोन मिनिटांत सगळे परत आणले. दर वेळी अपडेट केले की जुनी प्रत आत राहते म्हणे. तिथे जायचे चिन्ह तळाशी कोपऱ्यात, घड्याळाचे. मी ते रोज पाहत होतो. मला वाटे, ते वेळ दाखवत असेल.

माझी तक्रार आहे ती इथे. सोपे करणे म्हणजे बटणे कमी करणे, असे ही मंडळी समजतात. शाळेत आम्ही पहिलीच्या पोराला पाटी द्यायचो, शाई नाही. पाटी सोपी असते म्हणून नव्हे. चुकले तर पुसता येते, आणि पुसता येते हे पोराला डोळ्यांनी दिसते म्हणून. या प्लगइनमध्ये चूक सुधारायची सोय होती, पण ती मला दिसत नव्हती, म्हणजे माझ्यापुरती नव्हतीच.

कोणी म्हणेल, डिलीटच्या आधी 'नक्की का?' असे विचारावे. त्याने फारसे होत नाही. दहा वेळा विचारले की अकराव्या वेळी माणूस न वाचता 'हो' म्हणतो. त्यापेक्षा काय गेले ते शब्दांत सांगावे: 'एक रकाना काढला, त्यात एक फोटो आणि बारा परिच्छेद होते', आणि शेजारीच 'परत आणा'. जीमेलमध्ये पत्र काढले की तळाशी अशी पट्टी येतेच की.

आणखी एक. तयार नमुन्यांच्या शीर्षकांत अक्षरे सुटी सुटी ठेवलेली असतात. इंग्रजीत ते ऐटदार दिसते. आपल्याकडे शिरोरेषा तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा होतो. ओळींमधले अंतरही इतके कमी की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतो. देवनागरीत एक पान बनवून पाहिले असते तरी हे दिसले असते.

जेकब नीलसन नावाच्या तज्ज्ञाने २००० सालीच लिहिले आहे की पाच माणसांना वापरायला बसवून नुसते पाहिले तरी बहुतेक अडचणी समोर येतात. पाचच! त्यांतला एक तरी सत्तरीचा आणि मराठीत टाइप करणारा असावा, एवढेच मागणे. आणि त्याला "समजलं का?" असे विचारू नये. वर्गात त्यावर सगळे "हो" म्हणतात. हात कुठे अडखळतो ते पाहावे.

असो. परत आलेला मजकूर परवा आत्याला फोनवर वाचून दाखवला. शांतपणे ऐकला आणि म्हणाली, "होडी काय लिहिलंस? पडाव होता तो. बदल आधी."

बदलला. आधी वहीत उतरवून घेतला, मग.