भाजी येते, भाकरी येत नाही

सुट्टीला गावी आलो की मी एकदा तरी बटाट्याची भाजी करतो. मोहरी-जिरं, ठेचलेला लसूण, कढीपत्ता, पातळ फोडी, काळं तिखट, शेवटी शेंगदाण्याचा कूट. घरभर कौतुक होतं. मावशी म्हणते, "हिची सून नशिबाची गं बाई!" सून अजून ठरायची आहे, पण तिचं नशीब एका बटाट्यावर उजळलेलं असतं. त्याच वेळी शेजारच्या शेगडीपुढं आई दहावी भाकरी थापत असते. तिला कुणी काही म्हणत नाही.

आमच्या धाराशिवकडच्या बहुतेक पोरांची हीच गत. दहावीनंतर लातूर, मग पुणे. रूमवर बटाटा शिकतो, कारण बटाटा सगळं माफ करतो. जाड चिरला तरी शिजतो, तिखट जास्त पडलं तरी खपतो. पोळ्या मात्र डब्यातून किंवा कोपऱ्यावरच्या पोळी-भाजी केंद्रातून. तिथंही लाटणं बहुतेक बाईच्याच हातात.

गेल्या उन्हाळ्यात आईचं मनगट मोडलं. दीड महिना प्लास्टर. घरात वडील, मी, धाकटा भाऊ, असे तीन धडधाकट पुरुष. पहिल्याच दिवशी दोन भाज्या झाल्या. मग वडील म्हणाले, "भाकरीचं काय?" आणि आम्ही शेजारच्या काकूंना हाक मारली. स्वतःच्या घरचा स्वयंपाक उरकून त्या आमच्याकडं आल्या. कॉटवरून आई म्हणाली, "एका हातानं दावू का रं?" मला मान वर करता आली नाही.

"भाकरी अवघड असते," हे आपलं ठरलेलं उत्तर. अवघड आहेच. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून कडक पाण्यानं भिजवून तळहातानं रगडून मळावं लागतं. पिठाची विरी गेली असेल तर थापताना कडा फुटतात. तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात फिरवायचा. उलटायची वेळ चुकली की पापुद्रा सुटत नाही. मग एवढं अवघड काम दिवसातून दोनदा, जन्मभर, फुकट करणारी बाई 'काही करत नाही, घरीच असते' आणि फोडणी देणारा पोरगा शेफ, हा हिशेब कुणी मांडला?

दुसरं उत्तर, "चव बायकांच्याच हाताला असते." सोलापूर रस्त्यावरच्या धाब्यात डोकावून बघा. तंदूरला रोटी चिकटवणारा पुरुष. लग्नात शेकड्यानं पुऱ्या काढणारा आचारीही पुरुष. मजुरी मिळणार असेल तर आपल्या हाताला कणीक नीट ऐकते. घरी फुकट करायची म्हटलं की बोटं वाकडी होतात.

केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायका होत्या ८१ टक्के, पुरुष २६ टक्के. त्या बायका त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवत होत्या, ते पुरुष ९७. माझी सुट्टीतली भाजी कितीही चविष्ट असली तरी या हिशेबात ती चिमूटभरसुद्धा नाही.

२०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होतं. ज्वारी 'श्रीअन्न' झाली, रीलवर चुलीवरच्या भाकरीला लाखो लाइक पडले. त्याच वर्षी आमच्या जिल्ह्याचं नावही बदललं. परात मात्र जिथं होती तिथंच राहिली. धान्याचा अभिमान सगळ्यांना, थापायला एकटी आई. 'आईच्या हातची भाकरी' असं कॅप्शन लिहिताना त्या हाताची काय अवस्था आहे, हे कोण बघतं?

काकूंना तिसऱ्या दिवशी नको म्हटलं आणि मी परातीपुढं बसलो. पहिला आठवडा भाकरी फाटल्या, दुसरा आठवडा जाड झाल्या. वडिलांनी मुकाट्यानं खाल्ल्या. चौथ्या आठवड्यात एक टम्म फुगली. तोवर माझी मनगटं ठणकायला लागली होती. आई तीस वर्षं हे करतेय. तुझं मनगट दुखतं का, हे मोडेपर्यंत मी तिला एकदाही विचारलं नव्हतं.

तेव्हा पोरांनो, पुढच्या सुट्टीत घरी गेलात की बटाटे चिरू नका. ते आपल्याला येतात. परात पुढं ओढा.