मुंबईचा प्लेग : कोंडलं कुणाला, सोडलं कुणाला?

१८९७ म्हटलं की शाळेच्या पुस्तकात काय येतं? पुण्याचा रँड आणि चापेकर बंधू. बस्स! मुंबई बंदरात मेलेला गिरणी कामगार त्यात नाही. शहराचा मैला उचलणारे हातही नाहीत.

मित्रांनो, आधी थोडं मागे जाऊ. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं. मुंबईचा कापूस सोन्याच्या भावाने विकला गेला आणि शेटजींनी शेअरचा जुगार मांडला. बँक ऑफ बॉम्बेने त्या शेअरच्या तारणावर कर्जं वाटली. या बँकेत सरकारचं भांडवल होतं, सरकारने नेमलेले संचालक होते. युद्ध संपलं, भाव कोसळले, १८६८ मध्ये बँक बुडाली. मग काय झालं? चौकशी आयोग बसला आणि त्याच वर्षी त्याच नावाची नवी बँक उभी राहिली.

आता दुसरं संकट पाहा. सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मांडवीत प्लेग ओळखला. युरोपची राष्ट्रं हिंदुस्थानच्या जहाजांवर आणि मालावर निर्बंध घालू लागली. व्यापार अडणार म्हटल्यावर सरकार हललं. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला. घरांची झडती, रेल्वेत तिसऱ्या वर्गाच्या प्रवाशांची तपासणी, झोपड्यांची मोडतोड सुरू झाली. कायद्याच्या कलम ४ ने अधिकाऱ्यांना खटल्यापासून संरक्षण दिलं. बँक बुडवणाऱ्यांना चौकशी, गरिबाला थेट शिक्षा. बंदर चालू राहावं म्हणून चाळ कोंडली!

तरी सरकार एका गोष्टीला घाबरलं. ऑक्टोबर १८९६ मध्ये आर्थर रोड इस्पितळावर गिरणी कामगार चालून गेले. सक्ती ढिली करावी लागली. आयुक्त स्नो यांना धास्ती होती, की हलालखोर आणि बिगारी शहर सोडून गेले तर मुंबई राहण्यालायक उरणार नाही. म्हणजे शहर कुणाच्या खांद्यावर उभं आहे हे साहेबाला पक्कं ठाऊक होतं. पण ते कळल्यावर त्यांना माणसाचा दर्जा मिळाला का? नाही. फक्त थांबवून ठेवलं.

आणि आपले सवर्ण पुढारी? 'आमच्या घरात बूट घालून शिरले' हा त्यांचा संताप खराच होता. पण ज्यांना गावाने पिढ्यान् पिढ्या वेशीबाहेर ठेवलं, त्यांच्या कायमच्या विलगीकरणाबद्दल हा संताप कधी दिसला का?

त्या साथीत आपली माणसंही गेली. कामगारांचे पुढारी, सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे फेब्रुवारी १८९७ मध्ये प्लेगने गेले. १० मार्चला रुग्णांची सेवा करताना सावित्रीमाई गेल्या. त्यांनी रुग्णाची जात विचारली नाही.

१८९८ मध्ये शहर 'सुधारायला' इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला. सुरुवातीला त्याने बांधलं कमी, पाडलं जास्त. पुढे त्याच ट्रस्टच्या परळच्या चाळीत बाबासाहेब राहिले आणि १९२३ मध्ये त्यांचा रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ आला. चलन आणि बँका हा फक्त शेटजींचा विषय नाही, हे त्यांनी दाखवून दिलं.

२०२० मध्ये तोच १८९७ चा कायदा पुन्हा बाहेर निघाला. मजूर शेकडो मैल पायी चालले. सफाई कामगारांसाठी टाळ्या वाजल्या. टाळ्यांनी गटारातले मृत्यू थांबले का?

म्हणून पुढच्या वेळी कुणी 'देशहितासाठी' कोंडून घ्या म्हणालं, तर आधी विचारा : तिजोरी कुणाची वाचणार, दार कुणाचं बंद होणार?

जय भीम!