मालक, आपण गादीवरच बसा!

क्रिकेटचा संघ बाजारात विकत मिळतो, असे आमच्या वडिलांना कुणी सांगितले असते तर त्यांनी त्याच्या कपाळाला हात लावून ताप पाहिला असता. आज आमच्या बेव्हर्ली पार्कातले शेंबडे पोरसुद्धा कोणत्या संघाचा मालक कोण हे घडाघडा सांगते. सतराचा पाढा मात्र त्याला येत नाही, हे मी मास्तर असल्यामुळे मला ठाऊक! २००८ साली आयपीएल सुरू झाली, तेव्हा मुंबईचा संघ रिलायन्सने ११ कोटी १९ लाख डॉलरला घेतला. पैसा ज्याचा त्याचा. माझे भांडण त्या पैशाशी नाही. कर्णधार कोण, आघाडीला कोण, आणि हरल्यावर चारचौघांत कुणाची कानउघाडणी करायची, हेही पैसा घालणाऱ्यानेच ठरवावे काय, एवढाच माझा प्रश्न आहे. आणि वाचकहो, फराळाच्या ताटावर भांडण नको असे घरातून बजावले असूनही तो मी आज विचारणार आहे.

मी कादंबऱ्या लिहितो. त्या छापायला प्रकाशक पैसे घालतात, बुडालेही तेच आहेत. परंतु नायिकेने कितव्या प्रकरणात मरावे, हे सांगायला ते आजवर माझ्या घरी आलेले नाहीत. पुस्तक खपले नाही तर पुढचे छापणार नाहीत. तो त्यांचा हक्क. लेखणी मात्र माझ्या हातात.

हा तंटा आयपीएलने जन्माला घातला, असे मात्र कुणी समजू नये. १९३२ साली हिंदुस्थानचा संघ विलायतेला गेला, तेव्हा कर्णधार म्हणून पोरबंदरचे महाराज गेले होते. त्या काळी कर्णधारपद संस्थानिकाकडे जायचे, हा जणू नियमच. पण हा माणूस शहाणा निघाला. आपल्याला खेळ बेताचाच येतो हे त्याने ओळखले, आणि लॉर्ड्सवर २५ जूनला हिंदुस्थानचा पहिला कसोटी सामना सुरू झाला तेव्हा नेतृत्व केले ते आमच्या नागपूरच्या सी. के. नायडूंनी. महाराज बाजूला झाले. राजेपण कशाला म्हणतात, ते इथे दिसते.

चार वर्षांनी दुसरे गृहस्थ गेले: विजयानगरमचे महाराजकुमार, म्हणजे विझी. यांचे क्रिकेटवर उपकार होते, हे नाकारून चालणार नाही. पदरचा पैसा खर्चून त्यांनी हॉब्ज आणि सटक्लिफ यांना हिंदुस्थानात खेळायला आणले. पण उपकाराची परतफेड त्यांना कर्णधारपदात हवी होती, आणि ती मिळाली. संघात नायडूंसारखा अनुभवी माणूस असताना! मग व्हायचे तेच झाले. संघात तट पडले. मुंबईच्या जिमखान्यावर १९३३ साली पदार्पणातच शतक ठोकणाऱ्या लाला अमरनाथला बेशिस्तीच्या सबबीवर पहिल्या कसोटीआधीच बोटीने घरी धाडले. तीन कसोट्यांपैकी दोन हरलो. खुद्द विझींनी सहा डावांत मिळून धावा केल्या ३३. त्याच दौऱ्यात त्यांना ‘सर’ ही पदवी मात्र मिळाली!

आता संस्थाने गेली, विझी गेले. खुर्ची तेवढी राहिली. १५ डिसेंबर २०२३ रोजी मुंबई इंडियन्सने रोहित शर्माला कर्णधारपदावरून काढले आणि नुकत्याच गुजरातेतून परत आणलेल्या हार्दिक पंड्याला ते दिले. रोहितने २०१३, २०१५, २०१७, २०१९, २०२० अशी पाच विजेतेपदे मिळवून दिली होती. जाहीर करताना माहेला जयवर्धने यांचे नाव पुढे होते आणि कारण भविष्याच्या तजविजीचे होते. असेल. पण एवढा फेरफार धन्याच्या होकाराशिवाय होतो, यावर कोण विश्वास ठेवणार? पुढच्या एप्रिलच्या पहिल्या तारखेला वानखेडेवर हार्दिक नाणेफेकीला आला, आणि घरच्याच मैदानावर त्याची अशी हुर्यो उडाली की संजय मांजरेकरांना प्रेक्षकांना नीट वागा म्हणून सांगावे लागले. चौदा सामन्यांत चार विजय आणि तळाचा क्रमांक!

यात हार्दिकचा दोष काय? २९ जूनला बार्बाडोसला विश्वचषकाचे शेवटचे षटक त्यानेच टाकले, रोहितच्याच हाताखाली. आणि ४ जुलैला त्याच वानखेडेवर लोकांनी त्याला डोक्यावर घेतले. म्हणजे चीड माणसाची नव्हती, वरून आलेल्या हुकमाची होती.

त्याच मोसमात ८ मे रोजी हैदराबादने लखनौच्या १६५ धावा एकही गडी न गमावता ९.४ षटकांत पार केल्या. सामना संपताच लखनौचे मालक संजीव गोएंका मैदानावर कर्णधार राहुलशी हातवारे करीत बोलताना साऱ्या देशाने पाहिले. मुख्याध्यापकाने वर्गात येऊन पोरांदेखत मास्तरांना झापावे, त्यातला हा प्रकार. पुढच्या वर्षी राहुल दिल्लीकडून खेळला.

इथे माझे एक स्नेही हटकतात, की याच गोएंकांनी पुण्याच्या संघात धोनीला काढून स्मिथला कर्णधार केले, आणि २०१६ साली सातवा आलेला तो संघ २०१७ साली अंतिम सामन्यात मुंबईकडून केवळ एका धावेने हरला. तेव्हा मालकाची नजर पारखी नव्हे काय? आक्षेप वजनदार आहे. पण ती एक धाव निघाली नाही म्हणून मी निर्णयाला चूक म्हणणार नाही, आणि अंतिम फेरी गाठली म्हणून बरोबरही म्हणणार नाही. मटक्याचा आकडा लागला म्हणून मटकेवाला गणिती ठरतो का? मालकाने जाणता प्रशिक्षक नेमावा, कर्णधार त्याला निवडू द्यावा, मोसम संपल्यावर हिशेब मागावा, पटला नाही तर प्रशिक्षक बदलावा. मधल्या दोन महिन्यांत त्याने टाळ्या वाजवाव्यात.

हे सारे कोट्यधीशांचे खेळ आहेत, आपल्याला काय, असे म्हणणाऱ्यांनी एकदा आमच्याकडे यावे. सोसायट्यांच्या क्रिकेटलाही आता मालक लागतात. खुर्च्या मांडून लिलाव होतो, टेनिसचा चेंडू, आठ षटके, आणि मालकाचे नाव खेळाडूंच्या पाठीवर! गेल्या हिवाळ्यात एका संघात माझ्या वर्गातला एक मुलगा होता. डावखुरा, चेंडू असा वळवायचा की मोठी माणसे चकायची. बाप रिक्षा चालवतो. तीनही सामने हा पोरगा पाणी देत राहिला, कारण मालकांच्या चिरंजीवांना गोलंदाजी करायची होती, आणि कर्णधार प्रत्येक षटकाआधी मालकांच्या तोंडाकडे पाही. तिसऱ्या सामन्यानंतर पोराने अंगातला सदरा घडी करून परत दिला. हल्ली संध्याकाळी तो मैदानावर दिसत नाही. मी विचारले, तर म्हणाला, “सर, आमचा कुठे संघ आहे?”

यंदाच्या सभेत मी ठराव मांडणार आहे, की मालकांची खुर्ची सीमेच्या दोरीबाहेर असावी आणि सामना चालू असता त्यांनी कर्णधाराशी बोलू नये. ठराव फेटाळला जाईल, याची मला कल्पना आहे. वर्गणी तेच देतात, चहाही तेच पाजतात. तरी अनुमोदक एक मिळाला आहे: आमच्या इमारतीचा रखवालदार. त्याला सभेत मत नाही.