मेक्सिकोची राजधानी आणि पाण्याचे ऋण

मेक्सिकोतील शहरांच्या देखणेपणाचे श्रेय सहसा स्पॅनिश राजवटीस दिले जाते. मध्यभागी प्रशस्त चौक, एका अंगास कॅथीड्रल, दुसऱ्या अंगास शासकीय प्रासाद आणि तेथून काटकोनात निघणारे सरळ रस्ते, ही मांडणी प्वेब्लापासून ओआहाकापर्यंत आढळते. १५७३ साली राजा दुसरा फिलिप याने फर्मान काढून तिला नियमांचे रूपही दिले. मांडणी सुंदर आहे यात शंका नाही. परंतु तिची किंमत कोणी मोजली, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

खुद्द राजधानीचेच उदाहरण घ्यावे. अ‍ॅझ्टेकांचे तेनोच्तित्लान हे सरोवरातील बेटावर वसलेले नगर. बांध, कालवे आणि उथळ पाण्यात गाळ रचून केलेली शेते यांच्या आधारे ते नांदत होते. १५२१ मध्ये कोर्तेसने ते जिंकले आणि पाडलेल्या देवळांच्या दगडांतून त्याच जागी नवी राजधानी उभी राहिली. जेत्यांना शहर हवे होते ते कोरड्या जमिनीवरचे; पाणी त्यांच्या लेखी शत्रू ठरले. १६०७ मध्ये डोंगर फोडून खोऱ्यातील पाणी बाहेर काढण्याचे काम सुरू झाले. त्यासाठी हजारो मूळ रहिवाशांना वेठीस धरण्यात आले. तरीही १६२९ च्या महापुरानंतर शहराचा बराच भाग सुमारे पाच वर्षे पाण्यात होता.

१८२१ मध्ये स्पेनची सत्ता संपली, धोरण मात्र टिकले. पोर्फिरिओ दियास यांच्या कारकिर्दीत १९०० साली पुरा झालेला सांडपाण्याचा महाकालवा त्याच विचाराचा वारस होय. परिणामी आज हे महानगर भूगर्भातील पाणी उपसते आणि त्यामुळेच खचते. काही भागांत हे खचणे वर्षाला ४० सेंटिमीटरहून अधिक आहे. पावसाळ्यात वस्त्या तुंबतात, तर उन्हाळ्यात गरीब वस्त्यांना टँकरची वाट पाहावी लागते. पाण्यासाठी हजार मीटरहून अधिक उंच उपसा करणारी कुत्सामाला योजना चालवावी लागते. ज्या शहरात सरोवर होते, त्याची ही अवस्था!

२०२० मध्ये राजधानीतील कोलंबसाचा पुतळा हलविण्यात आला. ते सोपे होते. अधिक मोलाची घटना निराळीच आहे. तेस्कोको सरोवराच्या तळावरील नियोजित विमानतळ २०१८ मध्ये रद्द ठरला आणि २०२४ मध्ये त्या परिसरात पाणथळ उद्यान खुले झाले. वसाहतवादापासूनची खरी मुक्तता पाहायची, तर ती अशा निर्णयांत पाहावी.