खिडकी पुसणारी बाई कोणाची?



मागच्या दिवाळीआधी आमच्या केंद्राच्या खिडक्या पुसायला आम्ही पहिल्यांदाच बाहेरची एजन्सी लावली. इमारत दुमजली. खिडक्या सरकत्या, खाचांमध्ये वर्षभराची माती. आतापर्यंत हे काम आम्ही कार्यकर्त्याच एखाद्या रविवारी वर्तमानपत्रांचे बोळे आणि जुनी लुगडी घेऊन उरकत होतो. त्या वेळी शिबिर, कोर्टाच्या तारखा आणि अहवाल एकदमच अंगावर आले. कुणीतरी एक पत्रक पुढे केलं: ‘वहिनी, यंदा तुम्ही आराम करा!’ फोन केला, दर ठरला, दिवस ठरला. कोण येणार, किती जणी येणार, त्यांच्या हातात काय पडणार, हे आमच्यापैकी एकीनेही विचारलं नाही. बायकांच्या श्रमाच्या मोजदादीवर शिबिरं घेणाऱ्या आम्ही!

एक मुलगा आणि दोन बाया आल्या. मशीन मुलाच्या हाती, फडकी आणि बादल्या बायांच्या. तासाभराने वर गेले तर त्यातली एक खिडकीबाहेर छज्जावर उभी. कमरेला दोर नाही, पायात स्लीपर, एका हाताने चौकट धरलेली. मी ओरडले, “ताई, आधी आत या!” ती हसली. “काही नाही होत मॅडम, काल तं तिसऱ्या माळ्यावर होती मी.”

आत आल्यावर चहा झाला आणि बोलणं निघालं. सरकत्या खिडकीची तावदानं उचलून खाचेतून बाहेर काढता येतात, खाली ठेवून निवांत धुता येतात. बाहेर लटकायची गरजच नसते. हे आम्हाला तिनेच सांगितलं. मग तसं का करत नाही? “टाइम लागते ना. दिवसात तीन ठिकाणं करा लागतात.” रोज किती पडतो, हेही विचारलं. आम्ही एजन्सीला देणार होतो त्या रकमेच्या मानाने तो आकडा ऐकून आम्ही एकमेकींकडे पाहत राहिलो. बरोबरच्या मुलाला तिच्यापेक्षा जास्त मिळत होते, कारण ‘मशीन त्याच्याजवळ’. ती जवळच्याच एका गावची. कापसाची वेचणी ऐन भरात असताना ती शहरात आली होती. वेचणीचे पैसे किलोवर, शिवाय काट्यावरून रोजची कटकट, त्यापेक्षा हे बरं, असा तिचा हिशेब.

मालकाला फोन केला, तेव्हा तो अदबीने म्हणाला, “मॅडम, कामगार आमची जबाबदारी, तुम्ही टेन्शन घेऊ नका.” खरं तर एजन्सी आपल्याला हेच विकते. काच आपणही पुसू शकतो. पैसे मोजून आपण विकत घेतो ती न विचारण्याची सोय.

१९८० साली पुण्यात मोलकरणींनी संप केला आणि त्यातून त्यांची संघटना उभी राहिली. त्या संपात बाईला मालकिणीचं दार माहीत होतं. पगारवाढ, रजा, आजारपण, जे काय भांडायचं ते त्या दाराशी. एजन्सीच्या बाईला रोज नवं दार. आमच्या केंद्रात ती दिवसभर होती, पण उद्या तिचा पाय मोडला तर ती कोणाच्या नावाने बोट दाखवणार? आम्ही म्हणू एजन्सी, एजन्सी म्हणेल ती स्वतःच बाहेर चढली. हे वाक्य यवतमाळ जिल्ह्याला नवीन नाही. २०१७ च्या पावसाळ्याअखेर कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. तेव्हाही पहिला ठपका फवारणाऱ्यांवरच आला, की त्यांनी हातमोजे घातले नाहीत, तोंडाला बांधलं नाही. त्यांना ते दिले कोणी होते, हा प्रश्न मागाहून आला.

कायद्याचं काय? १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात तत्त्व होतं की ठेकेदाराने मजुरी बुडवली तर ती मूळ मालकाने भरावी. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या, त्यांतही ते तत्त्व आहे. पण मूळ कायदा २० कामगारांपासून लागू होत होता, आता आकडा ५० आहे. दोन बाया आणि एक मुलगा त्यात कुठून बसणार? किमान वेतन आणि समान कामाला समान वेतन या हक्कांना मात्र संख्येची अट नाही. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने दहापेक्षा कमी कामगार असलेल्या ठिकाणच्या बाईलाही जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे दाद मागता येते. त्या बाईला ही समिती ऐकूनही माहीत नव्हती. दिवसाला तीन अनोळखी घरांत शिरणाऱ्या बाईला तिची गरज किती असेल, हे वेगळं सांगायला नको.

मोठ्या शहरांत गोष्ट आणखी पुढे गेली आहे. मार्च २०२५ मध्ये अर्बन कंपनीने मुंबईत पंधरा मिनिटांत घरकामाची बाई पाठवायची सेवा काढली, नाव ‘इन्स्टा मेड्स’. सुरुवातीचा दर तासाला ४९ रुपये. टीका झाली तेव्हा नाव बदललं, ‘इन्स्टा हेल्प’ झालं.

कुणी म्हणेल, मग काय, खिडक्या घरच्या बाईनेच पुसाव्यात? मुळीच नाही. दिवाळीच्या साफसफाईत पिचून निघालेल्या बाईने काम पैसे देऊन करून घेतलं तर आमची काही तक्रार नाही. (घरातल्या पुरुषाला फडकं का दिसत नाही, हे भांडण चालूच राहील.) पण एका बाईचा आराम दुसरीच्या छज्जावर उभा असेल, तर निदान चळवळीतल्या आपण तरी त्याकडे पाठ फिरवू शकत नाही.

त्या दिवशी आम्ही उरलेली तावदानं काढून आतच धुवून घेतली. काम दोन दिवस चाललं. दुसऱ्या दिवसाचे पैसे आम्ही भरले, आणि ते बायांच्या हातात पडल्याचं त्यांच्याच तोंडून ऐकल्यावर हिशेब मिटवला. यापुढे कोटेशन घेताना माणशी मजुरी लिहून मागायची, बाईला आणि पुरुषाला तीच, असं बैठकीत ठरलं आहे. कोणी खिडकीबाहेर जाणार नाही, ॲसिड वापरायचं नाही, हातमोजे नसतील तर काम सुरू होणार नाही, जेवणाची सुट्टी आणि संडास-बाथरूम आमचंच वापरायचं, हेही त्याच कागदावर. दोन एजन्सींनी हा कागद पाहून नकार दिला. तिसरीने दर वाढवून होकार दिला. तो वाढीव दर आमच्या अंदाजपत्रकात बसवताना आमच्यातच दोन तट पडले. एका मैत्रिणीचा सवाल होता, ‘हे पैसे पीडित बायांच्या प्रवासखर्चातून काढायचे का?’ तिला अजून नीट उत्तर देता आलेलं नाही.

पुसद, वणी, दारव्हा, उमरखेडच्या गटांनी आपापल्या कार्यालयांची, वसतिगृहांची सफाई कोण करतं आणि तिच्या हातात किती पडतं, हे विचारून आम्हाला कळवावं. पत्रं पुढच्या अंकात छापू.