मधाची तपकिरी लागर : चव घ्यावी, पण वंशावळ तपासून #थ्रेड

१/ ‘हनी ब्राउन लागर’. लहान ब्रुअरीच्या बाटलीवर मधमाशीचे चित्र आणि ‘जुनी परंपरा’ हे शब्द दिसले, की चाखणारा गोडव्याची अपेक्षा धरतो आणि गोडवा न लागल्यास गुण कापतो. ही कसोटीच चुकीची आहे. ती का, हे या नावातील तीन शब्दांच्या इतिहासातून उलगडते.

२/ पहिला शब्द, मध. धान्य आणि मध एकत्र आंबवण्याची रीत अतिप्राचीन आहे. तुर्कस्तानातील गॉर्डियन येथे १९५७ साली उघडलेल्या राजसमाधीत इ. स. पू. आठव्या शतकातील धातूची पानपात्रे मिळाली. त्यांतील अवशेषांच्या रासायनिक परीक्षणात जवाची बिअर, द्राक्षमद्य आणि मध यांच्या मिश्रणाच्या खुणा आढळल्या. संस्कृत ‘मधु’ आणि मधाच्या मद्याचे इंग्रजी नाव ‘मीड’ हे शब्दही एकाच कुळातले.

३/ दुसरा शब्द, तपकिरी. पूर्वी मोड आलेले जव लाकडाच्या आगीवर सुकवले जात, म्हणून माल्ट गडद होई आणि बिअरही. योसेफ ग्रोल याने पिल्सेन येथे सोनेरी लागर तयार केली ती १८४२ मध्ये. तपकिरी लागर ही सोनेरीची थोरली बहीण आहे.

४/ तिसरा शब्द, लागर. जर्मन ‘लागर्न’ म्हणजे साठवणे. १५५३ मध्ये बव्हेरियात २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर या काळात बिअर बनवण्यास मनाई झाली. हिवाळ्यात बनवायची आणि थंड तळघरात मुरवायची, ही शिस्त त्यामुळे दृढ झाली.

५/ पण याच बव्हेरियात १५१६ च्या फर्मानाने बिअरसाठी जव, हॉप्स आणि पाणी एवढेच घटक मान्य केले होते. मधाला तेथे जागा नव्हती! तिन्ही धागे प्राचीन, त्यांची वीण मात्र आधुनिक. ती लोकप्रिय झाली विसाव्या शतकाच्या अखेरीस, उत्तर अमेरिकेत.

६/ कॅनडातील ग्वेल्फची स्लीमन ही या प्रकाराची प्रसिद्ध ब्रुअरी. १९३३ मध्ये बंद पडलेला घराण्याचा व्यवसाय १९८८ मध्ये पुन्हा उभा राहिला आणि २००६ मध्ये जपानच्या सप्पोरो कंपनीने तो विकत घेतला. ‘लहान’ हे विशेषणही काळाच्या ओघात बदलते. चवीची हमी म्हणून ते पुरेसे नाही.

७/ आता मूळ प्रश्न गोडव्याचा. मधाचा सुमारे चार-पंचमांश भाग साखर असतो आणि यीस्ट ती जवळजवळ सगळी फस्त करते. म्हणून मध घातलेली बिअर गोड होण्याऐवजी हलकी आणि कोरडी होते. मध फार वेळ उकळल्यास सुगंधही वाफेबरोबर निघून जातो.

८/ म्हणून चाखण्याचा क्रम असा असावा. आधी रंग : स्वच्छ, तांबूस-तपकिरी. मग गंध : पावाच्या भाजलेल्या कडेसारखा, त्यामागे फुलांची पुसट चाहूल. जिभेवर आरंभी माल्टचा मृदू गोडवा आणि घोट उतरल्यावर कोरडा शेवट. पाकासारखा चिकटपणा उरत असेल, तर तो मधाचा गुण म्हणता येणार नाही.

९/ दोषही ओळखावेत. लोण्याचा वास आला तर मुरवणे बहुधा अपुरे राहिले आहे. भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास आला तर बिअर शिळी झाली आहे. बर्फगार पेल्यात हे दोष लपतात, म्हणून परीक्षण किंचित कमी थंड बिअरचे करावे.

१०/ चवीला इतिहास कशाला, असा आक्षेप येईल. आवड ज्याची त्याची, हे मान्य. पण मूल्यमापन म्हणजे आवड नव्हे. लागर मुरवताना टाकी कित्येक आठवडे अडकून पडते आणि लहान ब्रुअरीला हा काळ महाग पडतो. तो देऊन बनवलेली कोरडी, संयत बिअर ‘गोड नाही’ म्हणून नाकारली गेली, तर पुढच्या खेपेस मुरवण्याचे दिवस घटतील आणि कृत्रिम गोडी वाढेल.

११/ अज्ञानाने दिलेले गुण असे परंपरेलाच मारक ठरतात. इतिहासप्रेमी जसा ताम्रपट पारखतो, तसाच पेलाही पारखावा : दावा वेगळा, पुरावा वेगळा. मध जिथे सावलीसारखा जाणवतो, तीच मधाची उत्तम लागर.