शेलूबाजारचा ज्वालामुखी कुठे गेला?

वाशीम जिल्ह्यातल्या शेलूबाजारहून सातवीतल्या एका मुलाचं पत्र आलंय. पत्र लहान, पण प्रश्न दोन. पहिला असा : ‘आमचे सर सांगतात, आपल्या पायाखालची जमीन ज्वालामुखीतून आली. मग तो डोंगर कुठे आहे? आमच्याकडे तर कुठेच दिसत नाही.’ दुसरा त्याने तळाशी ता. क. म्हणून लिहिलाय : ‘आमच्या वावरात चाळीस फूट विहीर खोदली. खाली नुसता काळा दगड लागला. धुऱ्यापलीकडच्या विहिरीला मात्र पाणी आहे. असं का?’

त्याला वाटलं असेल, हे दोन निरनिराळे प्रश्न आहेत. गंमत म्हणजे दोन्हींचं उत्तर तो काळा दगडच देतो!

आधी डोंगराचं बघू. ज्वालामुखीचं चित्र काढा म्हटलं की आपण त्रिकोणी डोंगर काढतो, टोकाला भोक आणि वर धूर. पण सगळे ज्वालामुखी असे नसतात. का नसतात, ते कळायला स्वयंपाकघरात जावं लागेल. पातळ कढी उकळताना नीट बघा. बुडबुडे येतात नि सहज फुटून जातात. पिठलं मात्र घट्ट होत आलं की आतली वाफ अडकते, जोर धरते आणि फदकन् उडते. हातावर पडलं तर चटका!

जमिनीखालच्या वितळलेल्या खडकाचं, म्हणजे शिलारसाचं, असंच असतं. त्यात पाण्याची वाफ आणि इतर वायू विरघळलेले असतात. शिलारस वर येऊ लागला की त्याच्यावरचा दाब कमी होतो आणि बुडबुडे सुटतात. गोटी सोड्याची गोटी आत ढकलल्यावर सुटतात ना, तसे. शिलारसात सिलिका जास्त असली (वाळूत असते तीच) की तो पिठल्यासारखा घट्ट असतो. वायूला वाट मिळत नाही. मग स्फोट! इटलीचा व्हेसुव्हियस इ. स. 79 मध्ये असाच फुटला आणि पाँपेई गाव राखेखाली गेलं. 1883 मध्ये इंडोनेशियातला क्राकाटोआ फुटला, तेव्हा त्याचा आवाज पावणेपाच हजार किलोमीटरवरच्या रॉड्रिग्ज बेटावर ऐकू गेला. फिलिपाइन्सचा पिनाटुबो 1991 मध्ये फुटला, तोही याच जातीचा. राखेचा थर, त्यावर लाव्हा, पुन्हा राख, असं साचत साचत जपानच्या फुजीसारखे उंच, निमुळते डोंगर तयार होतात.

शिलारस कढीसारखा पातळ असला तर वायू सहज निघून जातो आणि लाव्हा ओघळत लांब पसरतो. त्यातून पालथ्या परातीसारखा पसरट डोंगर बनतो. हवाई बेटांवरचा मौना लोआ असा आहे. दोन्हींच्या मधलेही पुष्कळ प्रकार आहेत, पण आपल्याला आता शेलूबाजारला परतायचंय.

आपल्याकडे काय झालं? शिलारस पातळच होता, पण तो एका तोंडातून आलाच नाही. जमिनीला मैलोन् मैल लांब भेगा पडल्या आणि त्यांतून तो वर आला. भेगेतून आला आणि पसरला, मग डोंगर उभा राहणार कसा? या भेगांत शेवटी थिजून राहिलेला दगड धुळे-नंदुरबारकडे आजही लांबच लांब भिंतींसारखा दिसतो. ही गोष्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची. लाव्हा थंड होताना वर कवच धरी, दुधावर साय धरते तसं, आणि त्याच्याखालून आतला गरम लाव्हा पुढे सरकत राही. म्हणूनच तो इतका लांब गेला. काही प्रवाह तर पार आंध्रातल्या राजमहेंद्रीपर्यंत पोचले असं भूवैज्ञानिक मानतात. आज हा काळा दगड, बेसाल्ट, सुमारे 5 लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. म्हणजे जवळजवळ शंभर वाशीम जिल्हे! तुमच्या घरचा पाटा-वरवंटा त्याचाच, आणि अजिंठ्या-वेरूळची लेणी खोदली तीही त्यातच.

‘मग लोणारचं भोक कुठलं?’ असं कुणीतरी विचारणारच. शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार सरोवर पूर्वी बरेच जण ज्वालामुखीचं तोंड समजत. पण ते अशनी आदळून झालेलं विवर आहे, आणि तेसुद्धा हा दगड थिजल्यानंतर कितीतरी काळाने झालेलं.

भेगेतला ज्वालामुखी फुटत नाही, म्हणजे तो गरीब बिचारा, असं मात्र समजू नका हं. 1783 च्या जूनमध्ये आइसलंडमध्ये लाकी इथे 27 किलोमीटर लांबीची भेग उघडली आणि आठ महिने लाव्हा ओकत राहिली. लाव्ह्यापेक्षा विषारी वायूंनीच जास्त घात केला. गवत विषारी झालं, गुरं-मेंढ्या मेल्या, दुष्काळ पडला आणि त्या देशातली सुमारे एक पंचमांश माणसं दगावली. लाकीचा लाव्हा आपल्या दख्खनच्या लाव्ह्यापुढे चिमूटभर.

आता विहीर. आपला लाव्हा एका दमात आला नाही. एक प्रवाह आला, थिजला. मध्ये काळ गेला. मग त्याच्यावर दुसरा. मधला काळ मोठा असेल तर माती तयार व्हायची, झाडं उगवायची, तळी साचायची. कुठे कुठे विहिरीत दोन दगडांच्या मध्ये तांबड्या मातीचा पट्टा दिसतो, तो त्या विश्रांतीचा.

थिजणाऱ्या प्रवाहात वायूचे बुडबुडे वर चढतात आणि माथ्याशी अडकून बसतात. म्हणून प्रत्येक थराचा माथा भोकाभोकांचा असतो. विहीर खोदणारे त्याला मांजऱ्या म्हणतात. पोटातला दगड मात्र घट्ट, तो काळा पाषाण. मांजऱ्यातली भोकं बहुतेक एकमेकांना जोडलेली नसतात; अनेक तर पांढऱ्या खनिजांनी बुजलेली असतात. (नांगरताना गारगोट्या सापडतात ना? त्यातल्या कितीतरी अशाच भोकांत वाढलेल्या.) पण हा थर लवकर झिजतो, भुसभुशीत होतो आणि मग पाणी धरतो. पाषाणात पाणी राहतं ते फक्त भेगांत. भेग नसेल तर थेंब नाही!

म्हणजे आपल्या मित्राच्या वावरात काय झालं असावं? खोदणं पाषाणाच्या पोटात जाऊन थांबलं. धुऱ्यापलीकडच्या विहिरीला झिजलेला मांजऱ्या जाड मिळाला असेल किंवा एखादी भेग सापडली असेल. आणखी खाली गेलं तर दुसऱ्या प्रवाहाचा माथा लागू शकतो, पण तो किती खोल आणि पाण्याचा की कोरडा, हे वरून कुणी छातीठोक सांगू शकत नाही. नारळ हातात धरून तर नाहीच नाही! तेव्हा बाबांना म्हणावं, बोअरवर पैसे घालण्याआधी जिल्ह्याच्या ठिकाणी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या कार्यालयात एकदा जाऊन या. जाताना दोन्ही विहिरींत किती फुटांवर काय लागलं ते कागदावर लिहून न्या : माती, मुरूम, मांजऱ्या, पाषाण. त्या यादीची एक नक्कल मलाही पाठव. मात्र विहिरीत वाकून बघायचं ते मोठं माणूस बरोबर असतानाच.